मार्चअखेरचा अंगठा

दरवर्षी फेब्रुवारीच्या १९ तारखेला, म्हणजे लिंबायत-उधन्याकडची आमची खानदेशी मंडळी भगवे झेंडे लावून मिरवणुका काढतात त्या दिवशी, कतारगामातील ज्या हिऱ्याच्या कारखान्याच्या फाटकावर मी अठरा वर्षे बसलो तेथील कोणी ना कोणी तरुण रत्नकलाकार चहाचा पेला हाती घेऊन आणि डोळ्यांत मिस्कील हसू आणून मला हमखास विचारीत असे, "काका, तमारा राजाए अमारुं सुरत केम लूंट्युं?" प्रश्नात वैर नसे. विचारणारा पोरगा बहुधा अमरेली किंवा भावनगर जिल्ह्यातून आलेला असे, १६६४ साली त्याच्या पूर्वजांचे सुरतेत कवडीचेही नुकसान झालेले नसावे, आणि माझे पूर्वज त्या वेळी साक्रीच्या माळावर बहुधा कोणाची तरी गुरे राखीत असावेत; तरीही आम्ही दोघे, एकाच्या खिशात शहराचे आणि दुसऱ्याच्या खिशात राजाचे मुखत्यारपत्र असावे, अशा थाटात बोलत असू.

आरंभी माझे उत्तर ठरलेले असे. शायिस्तेखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला, मुलूख वैराण केला, त्याची ती भरपाई. हे उत्तर खोटे नव्हे. बादशहाने माझ्या देशावर स्वारी केली त्याचे उट्टे काढण्यास मी आलो आहे, असे शिवाजी महाराजांनी शहरात शिरतानाच जाहीर केल्याचे इंग्रजांच्या वखारीतील कागद सांगतात. परंतु पुढे पुढे हे उत्तर देताना माझा आवाज आपोआप खाली येऊ लागला, आणि त्याचे कारण इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात नसून माझ्या लोखंडी पेटीत तळाशी ठेवलेल्या एका कागदात आहे. तो कागद ३०८ रुपयांचा आहे. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी माझ्या नोकरीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण 'फौजी' हा शब्द ऐकताच ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते त्यात मी बसत नाही.

१९६८ साली मी भरती झालो तो रसद खात्यात, कारकून म्हणून. चोवीस वर्षांच्या चाकरीत मी जे काही चालवले ते लेखणीनेच: तांदूळ, डाळ, मीठ, घासलेट, खच्चरांचा चणा आणि वाळका चारा यांची आवक-जावक, तूट, ओलीमुळे आलेली वाढ आणि उंदरांनी केलेली नासाडी. बंदुकीचा सराव वर्षातून ठरलेल्या दिवशी होई आणि तेवढाच पुरे असे. लढणारी माणसे आम्हांस 'दालवाले' म्हणत, आणि लंगरात वरण पातळ झाले की हे नाव थोडे अधिक मोठ्याने घेत. १९७१ च्या अखेरीस, सारा देश पूर्वेकडील विजयाच्या वार्ता ऐकत असता, माझी बदली मिझो टेकड्यांत झाली, आणि तेथे प्रथमच माझ्या ध्यानात आले की युद्धाचा एक प्रकार असाही असतो ज्यात तोफा, आघाडी, पिछाडी या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही, आणि कोणाच्या घरातले दोन शेर तांदूळ रात्री कोणाच्या पोटात गेले या एका बाबीवर महिनोन्‌महिन्यांचे डावपेच अडून बसतात.

त्या बंडाची उत्पत्तीच मुळी धान्यात होती. मिझो लोकांच्या डोंगरांत बांबूची एक जात आहे, ती सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच, आणि सर्वत्र एकदमच, फुलते. तिचे बी खाऊन उंदरांची पैदास अशी अफाट वाढते की बी संपताच ती झुंड भाताच्या शेतांवर व कणग्यांवर तुटून पडते. या आपत्तीस ते 'मौताम' म्हणतात, म्हणजे बांबूचे मरण. १९५९ साली असे मौताम आले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आधीच इशारा दिलेला होता, परंतु तो प्रदेश तेव्हा ज्या आसाम सरकारच्या अमलाखाली होता त्याच्या कचेऱ्यांना हा इशारा अडाणी लोकांचा समज वाटला, आणि मदत पोचली ती उशिरा व अपुरी. त्या दुष्काळात डोंगर चढून गावोगाव तांदूळ पोचवणाऱ्या तरुणांची जी 'मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट' नावाची संस्था निघाली, तिने १९६१ च्या ऑक्टोबरात आपल्या नावातील दुष्काळवाचक शब्द तेवढा गाळला, आणि मदतकार्याची संस्था राजकीय पक्ष झाली. पुढे १९६६ च्या फेब्रुवारीअखेरीस तीच शस्त्रे घेऊन उठली. तिचा पुढारी लालडेंगा हा पूर्वी फौजेत हवालदार होता आणि नंतर तेथील जिल्हा परिषदेत कारकून. मला हे कळले तेव्हा खरोखर थोडे दचकल्यासारखे झाले. पाठीवर पोते नेऊन दारात ठेवणारा माणूस कोण, हे लोक विसरत नाहीत. आणि ही गोष्ट एका कारकुनाला जितकी चांगली कळली तितकी ती कोण्या सरदाराला क्वचितच कळली असेल.

आमच्या बाजूची युक्तीही धान्याचीच होती, फक्त उलट दिशेने चालणारी. बंडखोर हा मासा आणि जनता हे पाणी, ही चीनच्या माओची उपमा आम्हांला प्रत्येक व्याख्यानात ऐकवीत. आणि इंग्रजांनी मलायात १९५० पासून सुमारे पाच लक्ष माणसे रानाच्या कडेवरून उचलून कुंपणाच्या 'नव्या गावां'त आणून बसवली व बंडखोरांची रसद तोडली, हा दाखलाही देत. मग पाणीच उपसून हौदात भरले म्हणजे मासा आपोआप तडफडेल, या हिशेबाने १९६७ च्या जानेवारीपासून सिलचर–ऐजोल–लुंगलेह या सडकेच्या दोन्ही अंगांची खेडी उठवण्यास प्रारंभ झाला. पहिल्याच टप्प्यात शंभरावर खेडी अवघ्या १८ केंद्रांत आणली गेली. नेता येईल तेवढे सामान पाठीवर न्यायचे, उरलेले धान्य आणि घरे बंडखोरांच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाळायची. नव्या जागी ओळखपत्र, संध्याकाळपासून सकाळपर्यंत संचारबंदी, आणि शिधा मोजून. सरकारी कागदांत या केंद्रांचे नाव 'संरक्षित व प्रगतिशील ग्राम' असे होते. मी तेथे गेलो तेव्हा ही सर्व व्यवस्था जुनी व अंगवळणी पडलेली होती, आणि ज्या केंद्रात माझी नेमणूक झाली त्यात चार-पाच गावांची माणसे एकाच डोंगराच्या माथ्यावर दाटीवाटीने राहत होती. त्यांची झूमची शेते दूर राहिली होती. सकाळच्या परवान्याने जाऊन संध्याकाळी परतायचे म्हटले तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस सरे.

मलायात उठवलेल्या लोकांपैकी पुष्कळांना निदान जमिनीचा कागद मिळाला होता. येथे जमीन होती ती सुटली आणि हाती आला शिधापत्रिकेचा पुठ्ठा. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता असे म्हणणे लबाडीचे होईल. कळत होता, परंतु तो माझ्या रकान्यांत बसत नव्हता.

आता त्या ३०८ रुपयांची गोष्ट. १९७३ च्या हिवाळ्यात आमच्या तुकडीने गावाकडून जे जे घेतले त्याची यादी माझ्याच अक्षरात आहे: हमालीचे ४४ दिवस, दर ३ रुपये, डुकरे ३, दर ४० रुपये, कोंबड्या ११, दर ४ रुपये, बांबू १२०, दर १० पैसे. मार्च उजाडला. आर्थिक वर्षाअखेर मंजूर रक्कम खर्ची पडली नाही तर ती परत जाते आणि पुढील वर्षी मंजुरीस कात्री लागते, हे सरकारी चाकरी केलेल्या कोणासही सांगावयास नको. रोकड अद्याप खालून आलेली नव्हती, परंतु पावत्या एकतीस तारखेपूर्वी वर गेल्या पाहिजेत असा निरोप आला; आणि यावर उपाय मीच सुचवला. पावत्यांवर सह्या आधी घेऊन ठेवाव्या, पैसे आठ दिवसांत वाटावे. यात कोणाचा लाभ नव्हता, लबाडीचा हेतू नव्हता. होती ती केवळ कारकुनाची तरतूद, आणि त्या दिवशी तर मला तिचा अभिमानच वाटला होता.

दुभाषाला घेऊन मी ग्राम-परिषदेच्या अध्यक्षाच्या पडवीत बसलो. त्या वृद्ध गृहस्थाने महायुद्धात इंग्रजांची ओझी वाहिली होती. एकेक माणूस येऊ लागला, आणि प्रत्येकाने रोमन लिपीत, पाद्र्यांच्या शाळेत घोटवलेल्या वळणदार अक्षरात, आपली सही केली. आमच्या पहाऱ्यावरचे दोन शिपाई, ज्यांना स्वतःच्या पगाराच्या पत्रकावर सही करताना घाम फुटे, ते मान वळवून दुसरीकडे पाहू लागले. अंगठा लावला तो एकटीने. ती तीन डुकरांची मालकीण होती, वय साठीपलीकडचे, तोंडात चिलीम, खांद्यावर त्यांच्याकडील विणीचा जाड लाल-काळा पट्ट्यांचा कपडा. मी शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा टेकवला, उचलला, त्यावरील जांभळा रंग निरखून पाहिला आणि तो घराच्या बांबूच्या खांबाला सावकाश पुसला. मग दुभाषाला काही विचारले. तो म्हणाला, "विचारते आहे की पैसे कुठे आहेत." मी म्हणालो, आठ दिवसांत. अध्यक्ष मध्येच बोलला, आणि दुभाषाने ते मला सांगावे की सांगू नये अशा विचारात थोडा वेळ घालवून शेवटी सांगितले: इंग्रज साहेब आधी पैसे मोजी, मग अंगठा घेई.

आठ दिवस गेले, एप्रिल गेला. पावत्या जूनमध्ये परत आल्या त्या आक्षेपासह. डुकरांच्या खरेदीपूर्वी तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवलेली दिसत नाहीत, असा तो शेरा होता. (डोंगरावरील कुंपणबंद वस्तीत डुकरांचे तीन प्रतिस्पर्धी विक्रेते कोठून आणावेत, हे शेऱ्यात लिहिलेले नव्हते.) आणि वर्ष संपले असल्यामुळे जुन्या मंजुरीतून देणे आता शक्य नव्हते, नव्या वर्षाच्या रकमेतून द्यावयाचे तर नव्या पावत्या, नव्या सह्या, आणि जुनी रक्कम दिलेली नाही असा दाखला हवा, जो कोण देणार? जुन्या पावत्यांवर तर ती माणसे स्वतःच्या सहीने 'रक्कम पावली' म्हणत होती.

त्यापूर्वीच, मे महिन्याच्या एका सकाळी, आमची खच्चरे मीठ घेऊन वर येत असता गावाखालच्या ओढ्यावरील बांबूचा साकव मध्यभागी उलगडला. दोन्ही कडांच्या वेतांच्या दोऱ्या रात्रीत सुरीने तीन हिश्श्यांपर्यंत कापून ठेवलेल्या होत्या. पुढचे खच्चर, ज्याच्या खुरावर ४१७ हा आकडा डागलेला होता आणि जे माझ्या हातून गुळाचा खडा घेत असे, ते तीन पोत्यांसह खाली गेले. माणूस कोणी दगावला नाही. मीठ ओढ्यात विरघळले. खच्चरास गोळी घालून सोडवावे लागले. चौकशी झाली, आणि 'बंडखोरांचे घातपाती कृत्य' असा निष्कर्ष निघाला, जो मीच टंकलिखित केला आणि जो अक्षरशः खराही होता. परंतु त्या निष्कर्षात एक गोष्ट आली नाही, कारण ती कोणी विचारली नाही. रोज पहाटे गावातल्या बायका पाठीवरच्या टोपल्यांत बांबूच्या नळ्या घालून त्याच साकवावरून पलीकडच्या झऱ्याला पाण्यास जात. त्या सकाळी त्या सर्वच्या सर्व पूर्वेकडच्या कड्याच्या, दुपटीने लांब वाटेने गेल्या होत्या. मी माझ्या खिडकीतून त्यांना जाताना पाहिले होते, आज वाट का बदलली असा प्रश्नही क्षणभर मनात आला होता, आणि मग मी तेलाच्या डब्यांची बेरीज करू लागलो होतो.

त्यांच्यापैकी कोणी दोर कापले असे मी म्हणत नाही, मला तसे वाटतही नाही. त्यांनी फक्त सांगितले नाही. गेल्याच पावसाळ्यात, पुलाच्या फळ्या कुजल्या आहेत, घोडे आणू नका, असे सांगावयास याच गावातला एक पोरगा भिजत आमच्या चौकीपर्यंत आला होता. त्या दोन सकाळींमध्ये काय बदलले असेल, असा विचार करीत कमांडर साहेबांनी मला बोलावून विचारले, "गाववालों का कुछ बकाया तो नहीं है?" मी वही उघडली आणि म्हणालो, "नहीं साब, रिकॉर्ड के हिसाब से कुछ नहीं."

१९९२ साली नायब सुभेदार होऊन मी निवृत्त झालो आणि पुढल्याच वर्षी मेव्हण्याच्या ओळखीने कतारगामात आलो. येथे पापडीच्या शेंगांचे वाफे अजून अधूनमधून शिल्लक होते (कतारगामची पापडी ही उंधियूच्या भोक्त्यांत आजही नावाजलेली आहे), परंतु शेतांमागून शेते कारखान्यांखाली जात होती, आणि घंटीच्या, म्हणजे घासणीच्या फिरत्या चकतीच्या, सभोवती बसून हिरा घासणाऱ्या सौराष्ट्रातील पोरांनी गल्ल्या भरत होत्या. मला येऊन वर्ष होते न होते तोच १९९४ च्या सप्टेंबरात शेजारच्या वेड रोडवर प्लेगची वार्ता उठली, आणि बघता बघता लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. कारखान्यात मी, एक कुत्रा आणि रिकाम्या घंट्या एवढेच उरलो. उंदरांनी माझा पिच्छा मिझो टेकड्यांपासून सुरतेपर्यंत सोडला नाही, असे मी तेव्हा थट्टेने घरी लिहिले होते. पुढील वर्षी एस. आर. राव नावाचे नवे महापालिका आयुक्त आले, त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी खुर्चीवरून उठवून गल्लीबोळांत उभे केले, आणि जे शहर कचऱ्याखाली गुदमरले होते ते दोन वर्षांत देशभर स्वच्छतेसाठी वाखाणले जाऊ लागले. जनतेचा विश्वास संपादन करण्याविषयी फौजेत मी जितकी व्याख्याने ऐकली त्यांपेक्षा, सकाळी सात वाजता आमच्या फाटकाशी तुंबलेल्या गटारात वाकून पाहणारा एक इंजिनिअर मला अधिक काही सांगून गेला.

त्याच प्लेगच्या दिवसांत, रात्रपाळीला, सापळ्यांचे खटके ऐकत बसलो असता, मी महाराजांचे ते पत्र प्रथम वाचले. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळुणाकडे पावसाळी छावणीस असलेल्या लष्कराला लिहिलेले ते पत्र मराठी वाचकांस अपरिचित नाही, आणि शिवजयंतीच्या प्रत्येक भाषणात त्यातील रयतेच्या भाजीच्या देठाचा उल्लेख असतोच. परंतु बहुतेक वक्ते ते जेथे सोडतात तेथून पुढे माझे वाचन सुरू झाले. एक तर ते पत्र सेनापतीला नाही. जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना आहे. कारकुनांना! त्यातील तर्क रसद खात्याच्या माणसाचा आहे: दाणावैरण आताच बेफिकिरीने संपवाल, मग ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याकडून दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा, भाजी नेऊ लागाल, मग जी बिचारी माणसे जीव धरून राहिली आहेत ती गाव सोडून जातील आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. म्हणजे जुलमाचे मूळ सरदाराच्या क्रूरतेत नसून आषाढात रिकाम्या पडणाऱ्या कोठीत आहे. आणि त्यावरचा उपाय सद्भावनेचा उपदेश हा नव्हे. तुमची वाटणी खजिन्यातून तुमच्या पदरात घातलेली आहे, तेव्हा जे पाहिजे ते बाजारात जाऊन रास्त भावाने विकत घ्या, असा तो उपाय आहे. आधी पैसा, मग वस्तू. शेवटी तर दिव्याविषयी ताकीद आहे: रात्री दिवा जळता ठेवून निजू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. सह्याद्रीच्या घाटांवर मोगलांच्या लाखाच्या फौजांना हुलकावण्या देणारा पुरुष उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करतो, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि कोठाराकडे एक फेरी मारून आलो.

गनिमी कावा म्हणजे कडेकपारी, अंधार, अचानक छापा आणि नाहीसे होणे, असे शाळेत आम्हांला शिकवले. ते सर्व आहेच. पण छापा घालून नाहीसा झालेला घोडेस्वार सकाळी कोणाच्या तरी परसात दाणा मागतो, आणि त्या परसातील बाई पहाटे कोणत्या वाटेने पाण्यास जाते यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

तेव्हा महाराजांनी पैसे आधी दिले. आणि ते पैसे आले कोठून, हा प्रश्न मात्र या पत्राने मला कतारगामात बसवून विचारला. कारखान्यातून सुटी झाली की मी कधी कधी कतारगाम दरवाज्याकडच्या रस्त्यावरील जुन्या गोऱ्यांच्या कबरस्तानात जाऊन बसत असे. बाहेर रिक्षांचा कोलाहल, आत घुमटाखाली कबुतरे. तेथील सर्वांत भव्य समाधी ऑक्झेंडेन बंधूंची. पैकी सर जॉर्ज, जो १६६९ त वारला, तो १६६४ च्या जानेवारीत इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. त्या महिन्याच्या ६ पासून १० तारखेपर्यंत महाराजांचे सुमारे चार हजार स्वार शहरात होते. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग यांच्यासारख्या सावकारांच्या हवेल्या खणल्या गेल्या, आगींनी शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, आणि इतिहासकारांच्या अंदाजाने कोटीच्या घरातील लूट गेली. बादशाही अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून राहिला. तहाची बोलणी करण्याच्या मिषाने त्याने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर खंजीर उगारला, आणि त्यानंतर कैद्यांपैकी चौघांची डोकी व चोविसांचे हात तोडण्यात आल्याचे त्या वेळी कैदेत असलेल्या अँथनी स्मिथ या इंग्रजाच्या साक्षीवरून नोंदलेले आहे. कापुचिन पाद्री आंब्रोझ याला, आणि दानधर्मासाठी प्रसिद्ध असलेल्या एका मृत हिंदू दलालाच्या घराला, महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. ही दोन्ही टिपणे एकाच पाच दिवसांची आहेत, आणि मिरवणुकीत यांपैकी एकच ऐकू येते.

शहर रिते झाल्यावर इनायतखान बाहेर आला तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो करून त्याच्यावर चिखल फेकला. आणि वाहवा मिळाली ती, मूठभर माणसांनिशी वखार व आसपासची घरे राखणाऱ्या ऑक्झेंडेनला. औरंगजेबानेही पुढे व्यापाऱ्यांना वर्षाची जकात माफ केली व इंग्रजांना सवलत दिली. लोकांचे मन जिंकणे या गोष्टीची जर त्या आठवड्यात सुरतेत स्पर्धा लागली असती, तर ती महाराजांनी जिंकली नाही, आणि त्यांना जिंकायचीही नव्हती. १६७० च्या ऑक्टोबरात ते पुन्हा आले; आणि १६७२ त सुरतेकडे चौथाईची जी मागणी झाली तिच्यातील युक्तिवाद असा होता की तुमच्या बादशहाने मला माझ्या रयतेच्या रक्षणासाठी फौज ठेवणे भाग पाडले आहे, तेव्हा तिचा पगार त्याच्या रयतेने द्यावा. यात आडपडदा नाही. चिपळूणच्या कुणब्याच्या परसातील भाजी शाबूत राहावी म्हणून शिपायाच्या हातात रोकड हवी, आणि ती रोकड या शहरातील तिजोऱ्यांतून जावयाची होती. एकाच जमाखर्चाची ही दोन पाने आहेत. कोकणात बसून एक दिसते, कतारगामात बसून दुसरे.

यात महाराजांचा उणेपणा मी काढतो आहे असे कोणी समजू नये. ज्याच्या पदरी ना खाणी ना बंदरांची मोठी जकात, आणि ज्याच्या समोर आलमगिराचा खजिना, त्याने यापेक्षा वेगळे काय करावयाचे होते, हे मला सुचलेले नाही. पण इतके खरे की त्यांना आपले पान कोणते आणि परके कोणते हे स्पष्ट ठाऊक होते, आणि आपल्या पानावर त्यांनी एक कवडीही उधार ठेवू दिली नाही. आम्ही मिझो टेकड्यांत ज्यांना आपली रयत म्हणत होतो त्यांच्या नावाचे पान आम्ही कोणते धरले होते? कागदोपत्री आपले, ३०८ रुपयांपुरते परके. त्या प्रदेशात शांतता आली ती १९८६ च्या जूनअखेरीस करार होऊन, म्हणजे वीस वर्षांनी, आणि त्या करारावर सही करणारा जुना कारकून लालडेंगाच राज्याचा मुख्यमंत्री झाला. तेव्हा मी दुसऱ्याच प्रांतात, दुसऱ्याच कोठारात होतो. बातमी वाचून मला प्रथम आठवला तो खुरावरचा आकडा.

कारखान्यात एक शिरस्ता होता, तो मला फार आवडे. सकाळी कारागिराला हिऱ्यांचे पुडके देताना ते त्याच्या डोळ्यांदेखत काट्यावर ठेवीत. कॅरटच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंतचा आकडा तो स्वतः वाचत नाही तोवर सही करीत नसे, आणि संध्याकाळी माल परत देताना घट किती आली हेही त्याच्यासमोरच लिहिले जाई. मालक त्याच्या गावचा, कधी त्याचा भाऊबंदही असे. तरी आधी वजन, मग सही. एकदा नव्याने लागलेला एक हिशेबनीस घाईच्या दिवशी म्हणाला, सह्या आता घेऊन ठेवू, वजने मागाहून टाकू. मी फाटकावरचा माणूस, माझा तेथे बोलण्याचा संबंध नव्हता, पण मी असा काही ओरडलो की शेठ स्वतः खाली आले. कारण विचारले तेव्हा मला ते नीटसे सांगता आले नाही. गुडघा दुखतो म्हणून चिडचिड होते, असे काहीतरी मी बोललो.

गेल्या फेब्रुवारीत, नोकरी सुटून इतकी वर्षे झाली असूनही चहाच्या टपरीवर तोच प्रश्न मला एका नव्या पोराने विचारला. या खेपेस मी म्हणालो, "पगार करवा माटे." हिऱ्याच्या धंद्यात मंदी चाललेली, दोन-दोन महिने पगार अडकलेले, तो हसला नाही, मान हलवून म्हणाला, "तो तो बराबर," आणि पेला ठेवून निघून गेला. हे उत्तर बरोबर आहे की नाही याचा मी अजून विचार करतो आहे.

घरी येऊन पेटी उघडली. तो कागद म्हणजे मूळ पावती नव्हे. मूळ प्रती वर गेल्या आणि कोठल्या कोठल्या दप्तरांत जिरल्या. माझ्याजवळ आहे ती कार्बनची प्रत, निळी, घड्यांवर विरलेली. हमाली, कोंबड्या, बांबू, एकेक ओळ वाचता येते, आणि प्रत्येकीपुढे ती वळणदार रोमन सही कार्बनमधून उतरलेली दिसते, कारण त्यांनी लेखणी दाबून धरली होती. डुकरांची ओळही वाचता येते: ३, दर ४० रुपये, एकूण १२०, रक्कम पावली. तिच्यापुढचा चौकोन मोकळा आहे. शाईचा अंगठा खालच्या कागदावर उतरत नाही.